हुशार आहे, लक्ष नाही

कंग्राळी बुद्रुक हे माझे आजोळ. बेळगाव शहराच्या उत्तरेला, एपीएमसीवरून पुढे गेले की येणारे. गावातले लोक बुद्रुक म्हणत नाहीत, ‘बीके’ म्हणतात आणि शेजारच्या कंग्राळी खुर्दला ‘केएच’. गोव्यातील वाचकांना या गावाचे नाव ठाऊक नसेल, पण त्या पट्ट्यातली कोबी-मिरची त्यांच्या पोटात नक्की गेलेली आहे. बेळगावची भाजी एक दिवस घाट उतरून आली नाही तर पणजी-म्हापशाच्या बाजारात काय होते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

2022 च्या डिसेंबरात मी तिथे गेलो तो भाजीसाठी नव्हे आणि लग्नकार्यासाठीही नव्हे. मला माझे चौथीचे प्रगतिपुस्तक हवे होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला चौथीचे प्रगतिपुस्तक कशाला लागते, असे मामीनेही विचारले. “का रे बाबा, आता कुठल्या शाळेत घालून घ्यायलास?” मी म्हटले, “डॉक्टरांनी मागितलंय.” त्यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

गोष्ट अशी की त्याच वर्षी माझ्या मुलीच्या बाबतीत तिच्या शाळेतून एक फॉर्म भरायला आला होता. तिची हकीकत तिची आहे, ती मी इथे सांगणार नाही. पण तो फॉर्म भरता भरता माझा हात थांबला. काम अर्धवट सोडतो का, वस्तू हरवतो का, समोरच्याचे बोलणे ऐकूनही न ऐकल्यासारखे होते का, दीर्घ काळ डोके लावावे लागेल अशी कामे टाळतो का... मी मुलीविषयी टिचकी मारत होतो आणि उत्तरे मात्र माझी होती. समुपदेशक बाईंनी सहज विचारले, घरात आणखी कुणाला असे आहे का? मी काही बोललो नाही. बायको बोलली.

या प्रकाराला इंग्रजी आद्याक्षरांनी एडीएचडी म्हणतात. अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता. माझ्या पिढीच्या बहुतेकांना हा ‘आजकालच्या पोरांचा’, मोबाइलमुळे झालेला आणि अमेरिकेतून आलेला आजार वाटतो. मलाही वाटत होता. म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी मी माझ्या सवयीप्रमाणे त्याचा इतिहास वाचायला बसलो. (टाळायचे काम समोर असले की मला वाचनाचा हुरूप येतो, हेही त्या आजाराचेच लक्षण असल्याचे पुढे कळले!)

मोबाइलचा दोष म्हणावा तर 1798 साली मोबाइल नव्हता. त्या वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याचे मनोविकारांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात ‘अवधान’ या विषयावर एक आख्खे प्रकरण आहे. काही माणसांना कोणत्याही एका गोष्टीवर पुरेसे लक्ष ठेवता येत नाही, ही अवस्था जन्मजात असू शकते किंवा आजारातून येऊ शकते, आणि अशा मुलांना शिक्षण जड जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. जरा कुठे आवाज झाला, उजेड कमीजास्त झाला की त्यांचे चित्त ढळते आणि त्यांच्या जिवाची चुळबुळ सुरू होते. क्रायटनच्याही आधी, 1775 साली, मेल्खियोर आडाम वायकार्ड नावाच्या जर्मन वैद्याने अशाच माणसांचे वर्णन केले होते. म्हणजे आपल्याकडे नाना फडणविसांची कारकीर्द चालू होती, तेव्हा युरोपातले दोन वैद्य माझ्यासारख्यांविषयी लिहीत होते.

क्रायटनने एक दिलासाही दिला होता. हा दोष सुदैवाने वयाबरोबर बहुधा कमी होतो, असे तो म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पुढे 1845 च्या सुमारास फ्रँकफर्टच्या हाइनरिख हॉफमान या डॉक्टरने आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रे काढून एक पुस्तक केले. त्यातला फिलिप नावाचा पोरगा जेवणाच्या टेबलावर स्वस्थ बसत नाही, खुर्ची हलवतो आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळे जेवण खाली घेतो. जर्मन घरांत ‘चुळबुळ्या फिलिप’ ही म्हणच होऊन बसली. मग 1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली. त्याने पाहिलेली मुले बुद्धीने चांगली होती, पण आवर घालणे त्यांना जमत नव्हते. आजच्या वैद्यकशास्त्रात या विकाराचा इतिहास बहुधा स्टिलपासून मोजतात. पण स्टिलने त्याला नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे. तो हे दुष्टपणाने म्हणत नव्हता, त्या काळी या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा व्यापक होता. तरीही शब्द शेवटी शब्दच असतो. लक्ष न लागणे ही शरीराची गोष्ट की शीलाची, हा वाद त्या एका नावात अडकून राहिला आणि कंग्राळीपासून काणकोणपर्यंत अजून चालू आहे.

आपल्या मराठीत याला वैद्यकीय नाव नव्हते. पण आपल्याकडे असली माणसे नव्हती, असे मात्र मुळीच नाही. वेंधळा, धांदरट, द्वाड, उनाड, उडाणटप्पू, अर्धवट, विसरभोळा, टिवल्याबावल्या करणारा, धरसोड वृत्तीचा... हे शब्द काय उगाच तयार झाले? धारवाडला 1845 पासून मनोरुग्णालय आहे. तेव्हा बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई इलाख्यात होते. आमच्या आजोळी कुणी फारच विचित्र वागला की “ह्याला धारवाडला धाडा” असे म्हणत. पण वेंधळ्याला कुणी धारवाडला धाडत नसे. तो घरातच राही, शिव्या खाई आणि मोठा होई. त्यामुळे आपल्याकडच्या या विकाराचा इतिहास इस्पितळांच्या दप्तरात सापडणार नाही. तो शिव्यांत आहे आणि फार तर प्रगतिपुस्तकांत.

कुणी म्हणेल, मन चंचल असते हे तर अर्जुनानेही भगवंताला सांगितले होते, त्यात नवे काय? गीतेच्या सहाव्या अध्यायातली ती तक्रार साऱ्या मानवजातीची आहे. अभ्यासाने आणि वैराग्याने मन आवरते, हे तिथले उत्तरही साऱ्यांसाठीच आहे. एडीएचडी म्हणजे ते नव्हे. जे सर्वांना कधीमधी होते, ते काहींना लहानपणापासून, घरी-दारी-कामावर सगळीकडे आणि आयुष्य विस्कटेल इतके होते. रक्तदाब प्रत्येकालाच असतो, प्रश्न तो किती याचा असतो, तसेच हे.

माझे आयुष्य विस्कटले होते का? बाहेरून पाहणाऱ्याला नाही. लेख लिहितो, चार माणसे ओळखतात. पण तीन नोकऱ्या सुटल्या. बेळगाव-गोवा व्यापारी वाटांवरचे एक पुस्तक एकोणीस वर्षे ‘जवळजवळ तयार’ आहे. आणि एक गोष्ट आहे, जी मी आजवर कधी लिहिली नाही.

2011 साली बाबांनी आपल्या कागदपत्रांची पिशवी माझ्या हवाली केली. त्यात त्यांची विम्याची पॉलिसी होती. वर्षाला एकदा हप्ता भरायचा, बस्स. नोटीस आली की मी ती समोर दिसावी म्हणून फ्रिजवर ठेवत असे. समोर दिसणाऱ्या गोष्टी काही दिवसांनी मला दिसेनाशा होतात. दोन हप्ते चुकले. बाबा 2014 साली गेले, तेव्हा जे पैसे हाती आले ते मूळ रकमेपेक्षा पुष्कळच कमी होते. इस्पितळाचे देणे भागवायला आईने पाटल्या मोडल्या. एक शब्दही तिने काढला नाही. हप्त्याचे पैसे माझ्याकडे होते. वेळ होता. बाबांवर माझे प्रेम होते. मग मी ते का भरले नाहीत? आठ वर्षे या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होते, ते म्हणजे मी नालायक आहे.

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो. गोव्यात नाही गेलो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपला गोवा एवढासा. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात बसलो तर शेजारच्या खुर्चीवर मावसभावाचा साडू निघायचा! तेव्हा सकाळची चोर्ल्याची बस पकडून बेळगाव गाठले. पोर्तुगीज गोव्यातून माणसे वेगळ्या कारणांसाठी सीमा ओलांडून बेळगावला जात. मी 2022 साली लाज लपवायला गेलो.

तपासणी कशी होते याची वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. यासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटो नाही. डॉक्टरांनी दोन भेटींत मिळून अडीच तास प्रश्न विचारले. शाळा, नोकऱ्या, झोप, दारू, घरातले आजार, कधी फार उदास किंवा कधी कारणाशिवाय फार आनंदात होतो का, असे सगळे. थायरॉइड तपासायला सांगितले. कारण लक्ष न लागणे हे नैराश्यातही होते, चिंतेतही होते, अपुऱ्या झोपेनेही होते, आणि ते सगळे बाजूला काढल्याशिवाय एडीएचडीचे नाव घ्यायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रौढांसाठी तयार झालेली 18 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती भरून घेतली. आणि मग म्हणाले, “बारा वर्षांच्या आत हे होतं याचा काही पुरावा आहे? आईवडील आहेत?”

दोघेही नाहीत, म्हणून सांगितले. मग आठवले. आईच्या दीर्घ आजारपणामुळे दुसरी ते चौथी अशी तीन वर्षे, 1983 ते 1986, मी कंग्राळीलाच तर होतो.

ही बारा वर्षांची अट कशी आली, यालाही एक इतिहास आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाच्या 1968 च्या आवृत्तीत हा विकार ‘बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया’ या नावाने आला आणि पौगंडावस्थेत तो सहसा ओसरतो, असे त्यात म्हटले होते. क्रायटनचे 1798 चे वाक्य आठवले ना? पावणेदोनशे वर्षे तेच. मोठा झाला की जाईल. मोठ्या माणसांत हे असते का, हे बघायलाच कुणी गेले नाही, कारण नसते हे आधीच ठरलेले होते. 1976 साली युटा विद्यापीठातील पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही भिंत पहिल्यांदा हलली. 1980 च्या आवृत्तीत नावात अवधान हा शब्द आला आणि मोठेपणी उरलेल्या लक्षणांसाठी ‘अवशिष्ट’ असा एक प्रकार दिला गेला. एडीएचडी हे नाव 1987 चे. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रौढांना स्थान मिळाले ते 2008 साली. आणि 2013 च्या आवृत्तीत लक्षणे सातव्या वर्षाआधीच दिसली पाहिजेत ही अट बाराव्या वर्षापर्यंत सैल झाली, प्रौढांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली. आज जगभरच्या अभ्यासांवरून प्रौढांत याचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास मानले जाते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटाही फार मोठा, सत्तर टक्क्यांच्याही वर असल्याचे दिसते.

तर मी मामीसमोर तो फॉर्म घेऊन बसलो. फॉर्म इंग्रजी. मामी कंग्राळीची. तिला कन्नड कळते, मराठी तिची, इंग्रजीचा संबंध नाही. मी एकेक प्रश्न मराठीत करून विचारू लागलो.

“मामी, आतून मोटर चालू असल्यासारखा मी सारखा हालत असायचो काय?”

“मोटर? तुला हिरीवरची पाच एचपीची बसीवलेली होती.”

“आणि दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत...”

“होय की!” प्रश्न पुरा व्हायच्या आतच मामी म्हणाली. मग आम्ही दोघेही हसलो. पण नंतर ती गंभीर झाली. म्हणाली, “हुशार होतास रे तू. पण जाग्यावर ऱ्हाईत न्हवतास. जेवताना एक घास हितं, एक घास परड्यात. तुझे आजोबा म्हणायचे, मोठा झाला की सुधारंल.”

क्रायटनचे वाक्य! लंडनच्या वैद्याने अठराव्या शतकात लिहिलेले वाक्य कंग्राळीच्या माझ्या शेतकरी आजोबांनी स्वतःच्या अनुभवावरून काढले होते. आणि दोघेही अर्धेच बरोबर होते. मोठेपणी उड्या मारणे थांबते हे खरे. पण मोटर बंद पडत नाही, ती आत जाऊन चालू राहते.

मामानेही एक गोष्ट सांगितली. त्याला आता कमी ऐकू येते, पण ‘दारे धरणे’ हे शब्द त्याच्या कानावर बरोबर पडले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पाटाचे पाणी एकेका वाफ्यात वळवायचे, वाफा भरला की मातीने तोंड बंद करून पुढचे फोडायचे, याला दारे धरणे म्हणतात. एके दिवशी मला कोबीच्या वाफ्यांवर उभे केले होते. नदीकडून एक खंड्या आला. मी त्याच्या मागे मार्कंडेयपर्यंत गेलो तो दिवस मावळल्यावर परतलो. पहिल्याच वाफ्यात रात्रीपर्यंत पाणी साचत राहिले, कोबी सडली. आजोबांनी मला चिंचेच्या फोकाने मारले. मामा म्हणाला, “मी आबांस्नी म्हटलं, मारून काय उपेग न्हाई. त्याचं ध्यान पाण्यावर न्हवतंच, तर ते चुकलं कुठं?”

चाळीस वर्षांनी हे ऐकताना मला फ्रिजवरची नोटीस आठवली.

प्रगतिपुस्तक ट्रंकेत सापडले. आईच्या पत्रांबरोबर आजोबांनी ते बांधून ठेवले होते. चौथीच्या शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींनी निळ्या शाईने लिहिले होते, ‘हुशार आहे, लक्ष नाही.’ तिसरीच्या पानावर होते, ‘अक्षर व शिस्त सुधारावी. काम दिल्यास आनंदाने करतो.’ ते दुसरे वाक्य वाचून मला ते गुरुजी लख्ख आठवले. ते मला तासाला घंटा द्यायला पाठवायचे, खडू आणायला पाठवायचे, फळा पुसायला लावायचे. मला वाटे, हा माझा मान. आता कळते की दर तासाला मला उठायला मिळावे, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. त्यांनी ना क्रायटन वाचला होता ना स्टिल. समोरचा पोरगा तेवढा त्यांनी नीट पाहिला होता. नंतर गोव्यात परतल्यावर मला असे कुणी भेटले नाही. तिथे माझी जागा वर्गाबाहेर असे.

शाळेनेच हा आजार तयार केला असे म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. पण शाळेने तो उघडा पाडला, हे मात्र खरे. ब्रिटनमध्ये 1880 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि बावीस वर्षांनी स्टिलची व्याख्याने झाली. आपल्या गोव्यात मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्या आधी गुरे राखणारी, होडी वल्हवणारी मुले प्रथमच पाच-पाच तास एका जागी बसू लागली. माझे आजोबा दिवसा कधी बसलेले मला आठवत नाहीत... पण थांबा. मेलेल्या माणसांना निदाने चिकटवण्याची हल्ली फॅशन आहे, ती मी करणार नाही.

हा मोह गोव्यात आणखी एका माणसाबाबत होतो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. 1756 साली कांदोळीला जन्मलेला हा पाद्री लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना मध्येच गोंधळला, आणि बापाने खालून “ही सगळी भाजी, कातर रे भाजी” असे कुजबुजून त्याला सावरले, ही दंतकथा आपल्याला पाठ आहे. त्यावरून फारियाला एडीएचडी होता वगैरे म्हणणे हा पोरकटपणा होईल. पण एक गोष्ट विलक्षण आहे. क्रायटन लंडनमध्ये अवधान का ढळते याचा विचार करीत होता आणि 1813 पासून आपला फारिया पॅरिसमध्ये ते एकवटल्याने काय होते, हे लोकांना दाखवत होता. संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसलाही चुंबकीय द्रव वाहत नाही, जे घडते ते संमोहित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनाच्या एकाग्रतेतून घडते, हे त्याचे प्रतिपादन. त्याची चेष्टा झाली. 1819 साली तो गेला, त्याच वर्षी त्याचे पुस्तक आले. पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या आल्तिनोवर जे मनोरुग्णालय होते, त्याला फारियाचेच नाव होते. एकाग्रता ही नुसती सद्गुण नव्हे, तर समजून घेण्यासारखी एक प्रक्रिया आहे, हे सांगणारा पहिल्या काहींपैकी एक माणूस गोंयकार होता, याचे मला बरे वाटते.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी प्रगतिपुस्तक उलटसुलट पाहिले, मामीची उत्तरे वाचली आणि निदान सांगितले. मग रक्तदाब आणि ईसीजी बघून औषध लिहून दिले. त्याचे नाव मेथिलफेनिडेट. 1944 साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. त्याच्या बायकोचे लाडके नाव रीटा, त्यावरून ते रिटालिन नावाने बाजारात आले. अशी औषधे या मुलांना उपयोगी पडतात हा शोध त्याआधीच, 1937 साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरला अपघाताने लागला होता. त्याने डोकेदुखीवर उपाय म्हणून बेंझेड्रिन देऊन पाहिले, डोकेदुखी फारशी हटली नाही, पण 30 मुलांपैकी जवळजवळ निम्मी अभ्यासात एकदम सुधारली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे विचित्र वाटते. पण ही औषधे मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही द्रव्ये अधिक उपलब्ध करून देतात. लगाम धरणारा हात त्यामुळे जागा होतो, असे समजा.

आपल्याकडे हे औषध औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात आहे आणि अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याच्या कक्षेतही येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे पुष्कळ दुकानदार ते ठेवतच नाहीत. मी पाच दुकाने फिरलो. एकाने चिठ्ठी वाचून मला वरपासून खालपर्यंत असे न्याहाळले, की मीच मला संशयित वाटू लागलो. कायदा कडक हवा, गैरवापर होतो हे खरे. पण ज्याला कागद सांभाळता येत नाही त्याच्या औषधासाठी सर्वात जास्त कागद लागतात, ही गंमत मात्र कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही!

औषधाने काय झाले? चमत्कार झाला नाही. पहिल्या दिवशी तासाभराने मी टेबलावरचे विजेचे बिल उचलले, वाचले, आणि ते खाली ठेवण्याच्या आत भरले. इतकेच. बाकीची माणसे हे रोज करतात. मग मी उठून परसात गेलो आणि बराच वेळ तिथे बसून राहिलो. हे इतके सोपे होते तर बाबांच्या वेळी मला कुणी का दिले नाही, असा राग आला. तो राग कुणावर काढायचा हे कळेना.

त्रासही झाला. भूक गेली. समोर हुमण आणि तळलेले बांगडे असताना जेवावेसे न वाटणे, हे गोंयकाराला कसे पटावे? सुरुवातीला रात्री झोप येईना. डॉक्टरांनी मात्रा बदलली, वेळ बदलली, आणि दर भेटीत नाडी आणि रक्तदाब बघतात. औषधाच्या बरोबरीने मी काही गोष्टी शिकलो. कागद फ्रिजवर ठेवायचा नाही, हातात आला की निकाल लावायचा. मोठे काम लहान वाफ्यांत तोडायचे. बायकोला आपली सेक्रेटरी करायचे नाही. हप्ते बँकेतून आपोआप कापून घ्यायचे. काहींना औषध लागत नाही, काहींना वेगळे लागते, हे तज्ज्ञाने ठरवायचे. माझा लेख वाचून कुणी दुसऱ्याची गोळी घेऊन बघू नये, एवढे हात जोडून सांगतो. आणि ज्यांना माझ्यासारखी लाज वाटते त्यांना सांगतो, चोर्ला घाट चढायची गरज नाही. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. सीमाभागातल्यांसाठी धारवाडची जुनी संस्था आज डिम्हान्स नावाने उभी आहे. 2022 पासून टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर नुसता फोन करूनही बोलता येते.

राहिला प्रश्न बाबांच्या पॉलिसीचा. निदान झाले म्हणून मी सुटलो का? नाही. पाटल्या आईच्याच मोडल्या गेल्या आणि हप्ते माझ्याकडूनच चुकले. पण स्टिलने 1902 साली आणि घरातल्यांनी नंतर जे नाव दिले होते, नैतिक दोषाचे, ते आता मी स्वतःला लावत नाही. नालायकपणावर इलाज नसतो. पाण्यावर ध्यान नसण्यावर असतो, आणि इलाज आहे म्हटल्यावर तो न करणे ही मात्र माझी जबाबदारी ठरते. मामाने कोबीच्या वाफ्यावर उभे राहून आजोबांना जे सांगितले, त्याचा अर्थ मी असा लावतो. आईला हे सांगायला हवे होते. ती 2019 साली गेली.

गेल्या मे महिन्यात पुन्हा कंग्राळीला गेलो होतो. मामीने चहा ठेवता ठेवता विचारले, “मग, बरा झालास काय रे आता?”

“बरा नाही झालो, मामी,” मी म्हटले, “पण आता दारं धरायला लावलीस तर गजर लावून उभा राहीन.”

“बघूया की,” मामी म्हणाली. आणि खरोखरच मला मागच्या मिरचीच्या वाफ्यांकडे पाठवून दिले.